लाल, पिवळा, हिरवा आणि साहेबांचा माणूस

महाराष्ट्रात हार्ट अटॅक येत नाही. गॅस होतो.

रात्री अडीचला रिक्षातून एक गृहस्थ उतरतात. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, हात छातीवर. कॅज्युअल्टीच्या दारात ते स्वतःच निदान जाहीर करतात, ‘काही नाही हो, काल लग्नात मठ्ठा जास्त झाला.’ मागून बायको पुरवणी जोडते. ओवा दिला, सोडा दिला, बेंबीला हिंग लावलं, तरी उतार नाही. दारातल्या टेबलावर संगणक आहे आणि संगणकामागे एक मुलगा. पडद्यावर प्रश्न येतो, मुख्य तक्रार निवडा. यादीत ‘छातीत दुखणे’ आहे आणि ‘अपचन’ही आहे. मुलगा प्रामाणिक आहे. ऐकलं ते टिपायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं त्याला एका दुपारच्या प्रशिक्षणात सांगितलेलं आहे. तो ‘अपचन’वर टिचकी मारतो. पडदा हिरवा होतो. हिरवा म्हणजे बसा तिकडे बाकावर, नाव पुकारू.

या टेबलाला ई-ट्रायेज म्हणतात. कल्पना जुनी आहे आणि शहाणपणाची आहे: तातडीच्या विभागात आलेल्याला नंबराने नव्हे, गरजेने आत घ्यायचं. नेपोलियनच्या फौजेतला सर्जन डॉमिनिक लारे रणांगणावरचे जखमी उचलायचा तो जखम बघून, हुद्दा बघून नव्हे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी, तेही सैन्यात, अधिकाऱ्याला ‘आपण थांबा, आधी हा शिपाई’ असं सांगणारा एक डॉक्टर होऊन गेला. (हे वाक्य जपून ठेवा. पुढे लागणार आहे.)

१९९०च्या दशकात मँचेस्टरच्या डॉक्टर-नर्सनी या शहाणपणाची पाच रंगांत घडी घातली. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी. नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांनी आपापल्या पाच पायऱ्या बांधल्या. दिल्लीच्या एम्सने लाल, पिवळा, हिरवा एवढ्यावर भागवलं. ते बरंच झालं. तीन रंगांचा सिग्नल न पाळणाऱ्या देशाला पाच रंग देणं म्हणजे उधळपट्टीच.

पूर्वी हे कागदावर चालायचं, आता पडद्यावर आलं. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, ताप, शुद्ध, दुखणं एवढं भरलं की यंत्र रंग सुचवतं आणि घड्याळ लावतं. पिवळ्याचा तास उलटला की त्याची ओळ लुकलुकू लागते. कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांताने आपल्या रुग्णालयांसाठी अशी एकच संगणकी पद्धत आणली, कारण तोच रुग्ण एका रुग्णालयात दुसऱ्या पायरीवर आणि शेजारच्या रुग्णालयात तिसऱ्या पायरीवर जाऊ नये. रास्त आहे. यंत्र वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे संगणकवाल्यांना रागाने पत्रं लिहायचे कष्ट पडणार नाहीत. पहाटे चारला, सलग दुसरी रात्रपाळी ओढणाऱ्या सिस्टरचा एखादा प्रश्न राहून जातो. यंत्राचा राहत नाही. ते आकडा घेतल्याशिवाय पुढच्या पानावर सोडत नाही.

आता आकडाच हवा म्हटल्यावर आकड्याला काय तोटा? श्वास मिनिटाला किती, हे मोजायला घड्याळ लावून रुग्णाच्या छातीकडे बघत बसावं लागतं. जगभरच्या वॉर्डांत हे सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम आहे. आपल्याकडचे जुने केसपेपर चाळा, अख्ख्या महाराष्ट्राचा श्वास अठरा आहे. पैलवानाचा अठरा, दमेकऱ्याचा अठरा, धापा टाकत जिना चढून आलेल्या आजोबांचाही अठरा. यंत्राने सक्ती केली. आता अठरा हाताने लिहावे लागत नाहीत, टाइप होतात.

मग दुखण्याचे गुण. दहापैकी किती दुखतंय, हा प्रश्न यादीत असतोच. नऊवारीतल्या, कमरेत वाकलेल्या आजींना तो विचारून बघा.

‘आजी, दहापैकी किती दुखतंय?’

‘मी कोण रं बाबा गुण देनारी? तूच दे.’

‘तसं नाही आजी. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.’

‘सहन न करून कसं चालंल?’

मुलगा पाच टाकतो. पाच म्हणजे मधोमध, कुणाचं वाईट नको. आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं असतं. शेजारी भाजी चिरताना बोट कापून घेतलेला आयटीतला तरुण न विचारता सांगतो, ‘टेन. ॲक्च्युअली, टेनच्याही वर.’ दहा गुण मिळवायची सवय काहींना लहानपणापासून असते.

माणूस सांगतो ते सोडा, यंत्राला यंत्र काय सांगतं ते बघू. बोटाला लावायचा तो चिमटा, ऑक्सिमीटर, करोनाने आपल्या घराघरांत पोचवला. त्याचा आकडा थेट ट्रायेजच्या पडद्यावर जातो आणि रंग ठरवताना त्याचं वजन मोठं. २०२० साली अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी हाच चिमटा तपासला. रक्त काढून मोजलेला ऑक्सिजन खाली गेलेला असताना चिमटा ‘ठीक आहे’ म्हणतो, असं काळ्या रुग्णांत गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. कातडी गडद असली की प्रकाशाचं गणित चुकतं. ती तपासणी तिकडच्या लोकांची, हे खरं. पण वैशाखात रोजगार हमीच्या कामावर राबलेलं बोट चिमट्यात जातं तेव्हा, आपण मिशिगनच्या कुठल्या रांगेतले, हे कोणी एकदा नीट तपासून सांगेल का? तोवर पडद्यावर शहाण्णव टक्के आहे, हिरवा आहे, बसा.

त्याच मिशिगनमध्ये २०२१ साली आणखी एका यंत्राची परीक्षा झाली. भरती झालेल्या रुग्णांपैकी कुणाच्या अंगात जंतुसंसर्ग भिनतोय, म्हणजे सेप्सिस, हे आधीच ओळखून घंटा वाजवणारी ही प्रणाली अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत बसवलेली. तिने सेप्सिसचे तीनातले दोन रुग्ण ओळखलेच नाहीत. आणि घंटा? ती भरती रुग्णांपैकी दर शंभरातल्या अठरांसाठी वाजली. चोर आला तेव्हा गप्प आणि पोस्टमन दिसला की भुंकायचं, असल्या कुत्र्याला गावात कोणी भाकर घालत नाही. रुग्णालयात त्याला वार्षिक देखभालीचा करार मिळतो.

हे झालं यंत्राच्या डोळ्यांचं. त्याच्या घड्याळाची गंमत बघायची तर इंग्लंडला जावं लागेल. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने नियम केला की तातडीच्या विभागात आलेला रुग्ण चार तासांच्या आत एकतर वॉर्डात गेला पाहिजे नाहीतर घरी. २००४ पासून हे शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांच्या बाबतीत जमलं पाहिजे, असं ठरलं. हेतू उत्तम, आणि पुष्कळ वर्षं प्रतीक्षा खरोखर कमी झाली, हेही मान्य केलं पाहिजे. पण घड्याळ दिसलं की माणूस घड्याळाशी खेळायला लागतो. आकडे तपासणाऱ्यांना दिसलं की रुग्ण विभागातून बाहेर पडण्याची एकच लाट उसळते, ती चार तास भरायच्या आधीच्या वीसेक मिनिटांत. औषधाचा गुण बरोबर तीन तास चाळीस मिनिटांनी येतो, असा शोध वैद्यकशास्त्राला तोवर लागलेला नव्हता.

काही ठिकाणी याहून नामी युक्ती निघाली. घड्याळ रुग्ण आत आल्यावर सुरू होतं ना? मग त्याला आत आणूच नका. रुग्णवाहिका दाराशी उभी, रुग्ण तिच्यातच, आत चार तासांची खात्री झाली की मग उतरवा. पडद्यावर प्रतीक्षा शून्य. पडद्याला अंगण दिसत नाही.

स्टॅफर्डच्या रुग्णालयाची कथा तर चौकशी आयोगापर्यंत गेली. तिथे तातडीच्या विभागात रुग्ण किती गंभीर आहे याचा पहिला अंदाज वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वागतकक्षातले कर्मचारी घेत होते. चार तासांची मर्यादा मोडू नये म्हणून डॉक्टरांना गंभीर रुग्णापासून काढून किरकोळ दुखण्यांकडे वळवलं जात होतं. मरणाऱ्याला वेळ लागतो, मुरगळलेला पाय पटकन निकालात निघतो. आकड्याच्या नजरेने पाहिलं तर दोघे सारखेच, एक रुग्ण. २०१३च्या फ्रान्सिस अहवालात त्या रुग्णालयाचे धिंडवडे निघाले. आणि चार तासांचं ते उद्दिष्ट? २०१० मध्ये ते पंच्याण्णव टक्क्यांवर आणलं गेलं, आणि देशभराच्या हिशेबात जुलै २०१५ नंतर एकदाही गाठलं गेलेलं नाही. घड्याळ मात्र चालू आहे.

इथवर हसता येतं. पुढची गोष्ट हसण्याची नाही.

कॅनडातलं विनिपेग शहर, १९ सप्टेंबर २००८, शुक्रवार. पंचेचाळीस वर्षांचा एक मूळनिवासी माणूस, दोन्ही पाय कापलेले, चाकाच्या खुर्चीत. गेले चोवीस तास त्याला लघवी झालेली नव्हती. वस्तीतल्या दवाखान्यातल्या डॉक्टरने त्याला तपासलं, रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली आणि टॅक्सीत बसवून हेल्थ सायन्सेस सेंटरच्या तातडीच्या विभागाकडे धाडलं. म्हणजे आपल्याकडे ‘चिठ्ठी घेऊन जा’ म्हणतात ते सगळं रीतसर झालं. दुपारी तो पोचला. ट्रायेजच्या टेबलापाशी गेला. तिथल्या मदतनिसाशी बोलला. मदतनिसाने काहीतरी कागदावर टिपलंही. मग तो खुर्ची ढकलत थांबण्याच्या जागेत जाऊन बसला आणि नाव पुकारलं जायची वाट बघू लागला.

त्याचं नाव पुकारलं गेलं नाही, कारण ते यादीत चढलंच नव्हतं.

चौतीस तास. शुक्रवार संपला, शनिवार उजाडला, मावळला. पाळ्या बदलल्या. त्याच्यामागून आलेले लोक तपासून घरी गेले. त्याला उलटी झाली, तेव्हा सफाई कामगाराने भांडं आणून दिलं आणि फरशी पुसली. बाकावरच्या लोकांनी सुरक्षारक्षकांना सांगितलं, या माणसाचं काहीतरी बिनसलंय. काही कर्मचाऱ्यांना वाटलं, प्यायलेला असेल. काहींना वाटलं, बेघर दिसतोय, उबेला आला असेल. काहींना वाटलं, याला तपासून झालंय, न्यायला कोणी यायचंय. शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर कोणीतरी डॉक्टरांना ओढून आणलं तेव्हा शरीर ताठ झालेलं होतं. डॉक्टरची चिठ्ठी खिशात. दुखणं? तुंबलेली लघवीची नळी आणि त्यातून वाढलेला मूत्राशयाचा संसर्ग. नळी बदलायची आणि प्रतिजैविकं द्यायची, एवढ्याने भागलं असतं.

सुरुवातीला आरोग्य प्रशासनाने सांगितलं की तो ट्रायेजच्या टेबलाकडे आलाच नाही. मग कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. आला होता, बोलला होता. न्यायालयीन चौकशीचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये आला, त्रेसष्ट शिफारशींसह.

मला या प्रकरणात एक गोष्ट सारखी खटकते. त्या चौतीस तासांत यादी अगदी चोख होती. यादीतल्या प्रत्येकाला त्याच्या पायरीप्रमाणे कोणी ना कोणी बघत होतं. यादी कागदावरची असो की पडद्यावरची, जो तिच्यात नाही त्याच्यासाठी ती लुकलुकत नाही. आणि त्या दालनात ज्याने त्याच्याकडे रुग्ण म्हणून बघितलं तो सफाई कामगार होता किंवा शेजारचा रुग्ण होता. त्यांना रंग द्यायचा अधिकार नव्हता.

आता घरी येऊ, कारण आपल्याकडे दुखणं वेगळं आहे. तिकडे माणूस यादीत नसतो, इकडे खाट यादीत असते.

जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर धावत्या रेल्वेतून पडला, डोक्याला मार. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कोलकात्याच्या मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला फिरवलं. उत्तर जवळपास सगळीकडे एकच, खाट नाही किंवा सोय नाही. शेवटी खाजगी रुग्णालयाने घेतलं, सतरा हजारांचं बिल झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९६ मध्ये निकाल लागला. पंचवीस हजारांची भरपाई मिळाली, ती बातमी. पण त्या निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती: राज्य पातळीवर मध्यवर्ती संपर्कयंत्रणा उभारा, म्हणजे रुग्णाला खाट असलेल्या रुग्णालयातच थेट पाठवता येईल. १९९६! तेव्हा आपल्याकडे पेजर हे श्रीमंतीचं लक्षण होतं. संगणकवाल्यांच्या आधी न्यायाधीशांनी ई-ट्रायेजचं टेंडर काढलं होतं म्हणा ना.

पंचवीस वर्षं गेली. मे २०२१, करोनाची दुसरी लाट. मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू. पुण्याच्या डॅशबोर्डवर व्हेंटिलेटरच्या खाटा रिकाम्या दिसताहेत. न्यायालयाने युक्तिवाद ऐकत बसण्यापेक्षा सरळ हेल्पलाइनला फोन लावायला सांगितलं. रुग्ण आहे, व्हेंटिलेटरची खाट हवी. पलीकडून उत्तर आलं, नाही. भर न्यायालयात पडदा ‘आहे’ म्हणतोय आणि फोन ‘नाही’ म्हणतोय. त्या दोन महिन्यांत ज्यांनी आपल्या माणसासाठी रात्र रात्र फोन फिरवले, त्यांना हे ऐकून नवल वाटलं नसणार. न्यायमूर्तींना तोच अनुभव विनामूल्य, एका फोनवर मिळाला.

चांगल्याला चांगलं म्हणायचं तर मुंबईकडे बघावं लागेल. तिथेही डॅशबोर्ड होता. पण जून २०२० मध्ये महापालिकेने एकाच हेल्पलाइनवरचा लोंढा फोडून चोवीस वॉर्डांत चोवीस वॉर रूम बसवल्या. तिथे फोनच्या या बाजूला माणसं होती. ती रुग्णाला स्वतः फोन करायची, चालताना धाप लागते का, शुगर आहे का, घरात वेगळी खोली आहे का, हे विचारायची आणि मग कुठल्या खाटेवर पाठवायचं ते ठरवायची. सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं, तिथेही लोकांची रडारड झाली. पण पडदा आणि रुग्ण यांच्यामध्ये विचारणारा माणूस बसवला होता, आणि त्याला आपल्या वॉर्डातली रुग्णालयं माहीत होती. याला तंत्रज्ञान म्हणत नाहीत, म्हणून त्याची टेंडरं निघत नाहीत.

पडदा बंद पडला की काय होतं, हेही सांगून ठेवतो, थोडक्यात. २३ नोव्हेंबर २०२२. दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केले. देशातल्या सगळ्यांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक जवळपास दोन आठवडे कागद आणि बॉलपेनवर चाललं. चाललं, हे महत्त्वाचं. तिथल्या सिस्टरना रजिस्टर आखता येत होतं. पुढच्या पिढीला तेवढं शिकवून ठेवा.

आता आपल्या दारात कोण बसतं ते बघू. ई-ट्रायेजच्या सादरीकरणात त्या टेबलावर नेहमी हसरी, अनुभवी परिचारिका असते, स्टेथोस्कोप गळ्यात. आपल्या प्रत्यक्षातल्या टेबलावर कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर असतो, ज्याचा गेल्या दोन महिन्यांचा पगार थकलाय. किंवा इंटर्न, जो पीजीच्या परीक्षेचे प्रश्न सोडवत बसलाय. अनुभवी सिस्टर आत एका हाताने सलाईन आणि दुसऱ्या हाताने चार कॉट सांभाळते आहे. म्हणजे ज्या जागी रुग्णालयातला सगळ्यांत मुरलेला डोळा हवा, तिथे आपण सगळ्यांत स्वस्त बोट बसवतो, आणि वाचलेल्या पैशांत पडदा घेतो.

त्या सिस्टरला दारात बसवलं असतं तर मठ्ठावाल्या गृहस्थांचं काय झालं असतं? तिने ‘गॅस’ ऐकलंच नसतं. तिने घाम बघितला असता, ओठांचा रंग बघितला असता, बायकोचा चेहरा बघितला असता आणि ओरडली असती, ‘मामा, ट्रॉली! आधी ईसीजी काढा, पेपर नंतर.’ मधुमेही माणसाच्या, म्हाताऱ्याच्या आणि बाईच्या हृदयविकारात छातीत कळ येईलच असं नाही. कधी नुसती मळमळ, कधी जबडा दुखतो, कधी ‘जीव घाबरा होतोय’ एवढंच. ‘जीव घाबरा’ हा पर्याय अजून कुठल्या यादीत मी पाहिलेला नाही. सिस्टरच्या डोक्यातल्या यादीत तो पहिल्या पानावर असतो.

आणि खरं सांगायचं तर यंत्र बनवणाऱ्यांना हे कळतं. बहुतेक प्रणालींत एक सोय ठेवलेली असते. यंत्राने सुचवलेला रंग अनुभवी माणसाला पटला नाही तर त्याने तो बदलावा, कारण नोंदवावं. पडदा हिरवा म्हणाला तरी सिस्टरने लाल करावा. अख्ख्या यंत्रातलं सगळ्यांत शहाणं बटण तेच.

ते बटण आपल्याकडे आलं की काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. कारण आपल्या कॅज्युअल्टीत ट्रायेज कधी नव्हता असं कोण म्हणतं? उत्तम चालतो. संगणकाशिवाय चालतो. पहिला वर्ग, ज्याच्या आधी त्याचा फोन पोचतो. फोन ‘साहेबांच्या’ बंगल्यावरून आलेला असतो आणि सीएमओ खुर्चीवरून उठून घेतो. दुसरा वर्ग, ज्याच्याबरोबर दोन सुमो भरून माणसं आली आहेत आणि त्यातल्या तिघांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला बिल्ला आहे. तिसरा, ज्याचा मेव्हणा वरच्या मजल्यावर क्लार्क आहे. मग पोलीस केस, कारण हवालदाराला सही घेऊन जायची घाई असते. उरलेले बाकावर. बाकावरही आवाजाप्रमाणे रांग लागते. जो ओरडतो तो पुढे, जो फरशीवर मुकाट आडवा पडलाय तो मागे. खरं म्हणजे ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, एवढं तरी नक्की असतं. गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं असतं, हे ट्रायेजच्या पहिल्या धड्यात शिकवतात. लारेचं ते वाक्य जपून ठेवलंय ना? कर्नल, आपण थांबा.

तर माझी एक नम्र सूचना आहे, संगणकवाल्यांना आणि टेंडर काढणाऱ्यांना. रंग बदलायच्या त्या बटणाखाली ‘कारण’ असा रकाना असतोच. त्याच्याखाली आणखी एक घाला: ‘कोणाच्या सांगण्यावरून’. भरल्याशिवाय पान पुढे सरकू नये. नाव, पद, कोणत्या नंबरवरून फोन आला, किती वाजता. सिस्टरने स्वतःच्या अनुभवावरून बदललं असेल तर तिने ‘मी’ लिहावं, दोन सेकंदांचं काम. आणि ही नोंद बाहेर बाकांसमोरच्या मोठ्या टीव्हीवर जाऊ द्या, जिथे सध्या आरोग्यमंत्र्यांच्या योजनांची चित्रफीत फिरते. बाकावर आजी बसलेल्या असतील. पडद्यावर ओळ येईल, करंगळी मुरगळणे, हिरव्याचा लाल, माननीय अमुक यांच्या स्वीय सहायकांच्या सांगण्यावरून, रात्री एक वाजून दहा मिनिटे. आजींना वाचता येत नसेल तर शेजारचा बोट कापलेला तरुण मोठ्याने वाचून दाखवेल, त्याला तसंही काम नाही.

ही सूचना मी एका परिचित संगणकवाल्याला ऐकवली. तो सज्जन माणूस आहे, शब्दाला जागतो. म्हणाला, ‘रकाना अर्ध्या तासात टाकून देतो. पण तो असलेली निविदा मंजूर होऊन येईल तेव्हा कळवा.’